एकाच गंजातला रस्सा : कमी तेलातले खिम्याचे गोळे

मैत्रिणींनो, या वेळचे सदर एका पत्रासाठी राखून ठेवले आहे. पत्र आले आहे इंझोरीहून, म्हणजे वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातून. पत्र लिहिणाऱ्या भगिनींचे यजमान पन्नाशीला आले आहेत. डॉक्टरांनी त्यांना वजन उतरवायला आणि तेल कमी करायला बजावले आहे. भगिनी लिहितात, "रविवारी घरात रस्सा झाला की ह्यांच्यासाठी वेगळ्या गंजात काहीतरी फिक्कं शिजवते. हे दोन घास खातात आणि ताट सरकवतात. सासूबाई म्हणतात, तर्रीवाचून कसला रस्सा? ह्यांची भाची अमेरिकेत असते. ती फोनवर सांगते, मामी, टर्कीच्या खिम्याचे गोळे कर, हलके असतात. आता इथं मी टर्की कुठून आणू?"

प्रश्न एका घरचा असला तरी अडचण पुष्कळ घरांतली आहे. म्हणून उत्तर सगळ्यांसाठीच देत आहे. आधी एक सांगते, टर्की शोधायला कुठेही जाऊ नका. आणि दुसरे, तो वेगळा गंज आता मांडणीवर ठेवून द्या.

टर्कीचे एवढे काय?

टर्की हा कोंबडीपेक्षा बराच मोठा पक्षी. मूळचा अमेरिकेतला. तिकडे त्याचा खिमा कुठल्याही दुकानात सहज मिळतो, म्हणून तिकडच्या आपल्या मुली त्याचेच कोफ्ते आणि खिमा-पाव करतात. आपल्याकडेही टर्की पाळतात, पण फार थोड्या प्रमाणात. गावच्या दुकानात ती मिळणे कठीणच.

शिवाय टर्कीचा प्रत्येक खिमा हलका असतो असेही नाही. तिकडे पाकिटावर ९३ टक्के, ८५ टक्के असे आकडे छापलेले असतात. ९३ म्हणजे शंभर ग्रॅम खिम्यात चरबी ७ ग्रॅम, आणि ८५ म्हणजे १५ ग्रॅम. कातडी आणि चरबी सकट दळलेला खिमा टर्कीचा असला तरी जडच. तेव्हा महत्त्व पक्ष्याला नाही, कातडी आणि चरबी काढण्याला आहे. ते तर आपण आपल्या कोंबडीलाही करू शकतो.

मात्र चरबी काढलेल्या मांसाची एक खोड असते. ते लवकर कोरडे पडते, गोळे रबरासारखे होतात आणि चव पांचट लागते. तिकडच्या बायकांची टर्कीबद्दल हीच तक्रार, आणि आपल्याकडे चिकनच्या छातीच्या मांसाबद्दल हीच. तेल ओतून हा दोष झाकता येतो, म्हणून आपण ओतत राहतो. आज तेल न ओतता तो कसा घालवायचा ते बघू.

गोळा भात आठवा

विदर्भातल्या मैत्रिणींना खरे तर ही विद्या शिकवायलाच नको. गोळा भात कोण करत नाही? हरभऱ्याच्या डाळीचा भरडा तिखटमीठ घालून मळायचा, त्याचे गोळे शिजत आलेल्या भातावर ठेवायचे आणि झाकण घालायचे. गोळे वाफेवर शिजतात, मऊ होतात. तेल येते ते नंतर, वरून घ्यायच्या फोडणीतून. म्हणजे गोळा शिजायला तेल लागत नाही, वाफ आणि ओलावा लागतो. तेल लागते ते वासाला आणि रंगाला. ही दोन कामे वेगळी आहेत हे एकदा ध्यानात आले की खिम्याचे गोळेही तळावे लागत नाहीत.

खिमा घरीच करा

लहान गावात चिकनचे दुकान असले तरी खिमा करून देणारे यंत्र असेलच असे नाही. काही बिघडत नाही. कोफ्ता हा शब्द फारसीतून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थच कुटणे, चेचणे असा आहे. यंत्रे निघण्यापूर्वी लोक मांस कुटूनच खात होते.

दुकानदाराकडून बिनहाडाचे, कातडी काढलेले अर्धा किलो चिकन घ्या. सगळे छातीचे घेऊ नका. साडेतीनशे ग्रॅम छातीचे आणि दीडशे ग्रॅम तंगडीचे असे घ्या. तंगडीच्या मांसात थोडी जास्त चरबी असते, तेवढ्यानेच गोळ्याला ओलसरपणा आणि चव येते. धुवायचे तर तुकडे करण्याआधीच हलक्या हाताने धुवा, इकडेतिकडे पाणी उडवू नका, आणि स्वच्छ फडक्याने टिपून अगदी कोरडे करा. खिमा झाल्यावर कधीही धुवायचा नाही. त्यात पाणी राहते आणि गोळे फुटतात.

फ्रीज असेल तर इंचभर तुकडे करून ताटलीत पसरा आणि वीस मिनिटे बर्फाच्या कप्प्यात ठेवा. कडा जरा टणक झाल्या की दोन हप्त्यांत, थांबून थांबून पाच-सहा वेळा मिक्सर फिरवा. सलग फिरवलात तर लगदा होतो. फ्रीज नसेल किंवा वीज गेली असेल तर धारदार सुरीने बारीक कोचा, किंवा पाट्यावर ओबडधोबड वाटा. पाटा, सुरी आणि हात नंतर साबणाने धुवा. कच्च्या चिकनचा हात सलादीला लागता कामा नये.

साहित्य (पाच माणसांसाठी)

टेबलस्पून म्हणजे १५ मिलिलिटर आणि चमचा म्हणजे चहाचा, ५ मिलिलिटरचा, असे माप धरावे.

गोळ्यांसाठी : चिकनचा खिमा अर्धा किलो, मध्यम कांदा १, आले-लसणाचे वाटण १ टेबलस्पून, हिरव्या मिरच्या २, मूठभर सांभार (पुणे-मुंबईकडच्या मैत्रिणींनी कोथिंबीर समजावी), पुदिन्याची ८-१० पाने, घट्ट दही २ टेबलस्पून, पावाची १ स्लाइस, दूध ३ टेबलस्पून, हळद पाव चमचा, तिखट १ चमचा, गरम मसाला अर्धा चमचा, मीठ पाऊण चमचा.

रश्श्यासाठी : मध्यम कांदे ३, लसूण ८ पाकळ्या, आले १ इंच, टोमॅटो १, किसलेले सुके खोबरे १ टेबलस्पून, खसखस १ चमचा, धने १ टेबलस्पून, जिरे १ चमचा, लवंगा ३, मिरे ६, दालचिनी १ इंच, मसाला वेलची १, दगडफूल थोडेसे, तिखट २ चमचे, हळद अर्धा चमचा, ज्वारीचे पीठ १ टेबलस्पून, मीठ बेताने, गरम पाणी ४ वाट्या.

तेल : गोळ्यांना ३ चमचे, रश्श्याला १ टेबलस्पून, वरच्या तर्रीला १ चमचा. बस्स! हे एवढे तेल आधीच एका लहान वाटीत काढून ठेवा आणि डबा बंद करून फळीवर ठेवून द्या. डबा ओट्यावर राहिला की हात आपोआप वळतो.

कृती : गोळे

१. गोळ्यांचा कांदा अगदी बारीक चिरा आणि एक चमचा तेलात चांगला बदामी होईपर्यंत परता. लागला तर पाण्याचा हबका मारा, जादा तेल नको. थंड होऊ द्या. कच्चा कांदा घातला तर त्याला पाणी सुटते आणि वासही उग्र राहतो.

२. पावाची स्लाइस दुधात भिजवून कुस्करा, त्यात दही मिसळा. गोळा मऊ राहतो तो यामुळे. पाव दूध धरून ठेवतो आणि मांस आवळले तरी गोळा कोरडा पडत नाही. पुष्कळ जणी इथे कोरडे बेसन घालतात. बेसन उलट आतला ओलावा ओढून घेते आणि गोळा दडदडीत होतो.

३. खिम्यात मीठ घालून एकाच दिशेने दोन मिनिटे मळा. मिठाने मांसाला चिकटपणा सुटतो आणि अंड्यावाचून गोळे बांधले जातात. मग पाव-दही, परतलेला कांदा, आले-लसूण, मिरची, सांभार, पुदिना आणि मसाले घालून हलक्या हाताने एकत्र करा. आता मात्र मळत बसू नका, नाहीतर गोळे चिवट होतील.

४. कच्चे मिश्रण चाखायचे नाही. बोराएवढा तुकडा तव्यावर पूर्ण भाजा आणि तो चाखा. मीठ-तिखट कमी असेल तर आत्ताच कळते.

५. हात ओला करून बरोबर वीस गोळे वळा. वीसच का, ते पुढे सांगते. अर्धा तास फ्रीजमध्ये राहू द्या.

६. आता आप्पेपात्र काढा. प्रत्येक खळग्यात तेलाचे दोन-चार थेंब, मध्यम आच, आणि दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटे. उरलेल्या दोन चमच्यांत वीसही गोळे होतात. आतून शिजले नाहीत तरी चालेल, बाहेरून मात्र चांगले तांबूस झाले पाहिजेत. खमंगपणा सगळा त्या तांबूस कवचात असतो. आप्पेपात्र नसेल तर बिडाचा तवा घ्या आणि सराट्याने गोळे फिरवत राहा.

कृती : रस्सा

१. दोन कांदे सालीसकट विस्तवावर किंवा गॅसच्या आचेवर, साल काळी होऊन आतून मऊ होईपर्यंत भाजा. याला थेंबभर तेल लागत नाही आणि वास मात्र घरभर सुटतो. साल काढून घ्या.

२. धने, जिरे, खडा मसाला आणि दगडफूल कोरडेच मंद आचेवर भाजा. शेवटी खसखस आणि खोबरे. खोबरे जपून बरं का! सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेलच असते. वाटीभर खोबरे घालून तेल कमी केले म्हणणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक. एक टेबलस्पून चांगले लालसर भाजलेले खोबरे चवीला पुरते.

३. भाजलेला कांदा, मसाला, लसूण आणि आले थोडे पाणी घालून गंधासारखे वाटा. ज्वारीचे पीठ कोरडेच खमंग भाजून बाजूला ठेवा.

४. गंजात एक टेबलस्पून तेल तापवा, तिसरा कांदा बारीक चिरून लाल करा, वाटण घाला आणि दहा मिनिटे परता. तळाला लागू लागले की पाण्याचा हबका मारायचा, पुन्हा परतायचे. असे चार-पाच वेळा. मग टोमॅटो, हळद, तिखट. कच्चा वास गेला की गरम पाणी आणि मीठ घालून उकळी आणा. ज्वारीचे पीठ थोड्या पाण्यात कालवून लावा. रश्श्याला दाटपणा येतो.

५. आच मंद करून गोळे अलगद सोडा, झाकण ठेवा आणि दहा-बारा मिनिटे शिजू द्या. रस्सा खदखदा उकळला तर गोळे आवळतात. एक गोळा कापून बघा. आत कुठेही गुलाबी दिसता कामा नये. नंतर दहा मिनिटे झाकून मुरू द्या.

आणि तर्री?

सासूबाई म्हणतात ते काही खोटे नाही. तर्रीवाचून रस्सा डोळ्यांना ओकाबोका दिसतो. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. मसाल्यांचा वासही बराचसा तेलातच खुलतो. म्हणून तेल अगदीच काढून टाकू नका. पण हे काम शेवटी आणि वरून केले तर थोड्यात भागते.

कढल्यात राखून ठेवलेला चमचाभर तेल तापवा, खाली उतरवा आणि दहा-पंधरा सेकंदांनी अर्धा चमचा रंगाचे तिखट घाला. धगधगत्या तेलात घातले तर तिखट करपते आणि रंग काळा पडतो. लगेच रश्श्यावर गोल फिरवून ओता आणि झाकण ठेवा. झाकण ताटाजवळ आणूनच काढायचे. लाल तवंग दिसतो, वास येतो आणि जेवणारा खुशीत येतो. तळाशी ओतलेल्या पाच चमच्यांपेक्षा वरचा हा एक चमचा जास्त काम करतो.

आता थोडा हिशेब

एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी. आपल्या या रश्श्यात तेल एकूण ३५ मिलिलिटर, म्हणजे साधारण ३२ ग्रॅम, सुमारे २९० कॅलरी. गोळे तळून आणि रश्श्याला सढळ हाताने ओतून दीडशे मिलिलिटरची एक वाटी तेल सहज संपते. त्या वाटीच्या झाल्या साधारण १२४० कॅलरी. फरक साडेनऊशेचा, पाच माणसांत वाटला तर माणशी १९०. म्हणजे पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीपेक्षा थोडा जास्तच. एका जेवणात, पोटाला काही कमी न करता!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. या मापाने १५ किलोचा पिपा पाच माणसांना साडेतीन महिन्यांच्या आसपास पुरायला हवा. तुमच्याकडे किती दिवस पुरतो? पिपा उघडाल त्या दिवशी त्याच्यावर तारीख लिहून ठेवा. रोज चमचे मोजत बसण्यापेक्षा ही मोजणी सोपी आणि खरी.

मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचे-पापडही आले. रक्तदाब असेल त्या घरी रस्सा थोडा अळणी ठेवून ताटात लिंबू वाढा. आंबटपणाने मिठाची उणीव कळत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मांस किती खावे हे डॉक्टरांनाच विचारा, तिथे माझा सल्ला चालायचा नाही.

शाकाहारी घरांसाठी

आपल्या वाशीमकडे सोयाबीन भरपूर पिकते. शंभर ग्रॅम सोयाबीन वडीचा चुरा गरम पाण्यात भिजवा, दोन वेळा पाणी बदलून घट्ट पिळा, आणि एक उकडलेला बटाटा कुस्करून वरचेच मसाले घाला. यात दूध-पाव नको. आप्पेपात्रात नीट भाजा आणि वाढायच्या पाच मिनिटे आधीच रश्श्यात सोडा, फार शिजवले तर फुटतात.

वाढताना

इंझोरीच्या भगिनींना आता घरातले दोन शब्द सांगते. यजमानांना वेगळे फिक्के वाढले की माणूस घरात मुकाट्याने बसतो आणि बाहेर जाऊन खातो. मग पथ्य कसले पाळले जाणार? सगळ्यांच्या ताटात एकच रस्सा असला तर त्यांना आजारी असल्यासारखे वाटत नाही आणि बाकीच्यांनाही त्या कमी तेलाचा फायदाच होतो. आज ज्या मुलांना काही झालेले नाही, त्यांना पुढे होऊ नये हेही बघायला हवेच की.

सासूबाईंशी वाद घालू नका. जेवणाआधी 'आज तेल कमी घातलंय' अशी दवंडीही पिटू नका. उलट मसाला भाजायला त्यांनाच बसवा. कांदा कितपत भाजायचा, दगडफूल कधी टाकायचे, हे त्यांच्या नाकाला जेवढे कळते तेवढे पुस्तकाला कळत नाही. तेल कमी केल्यावर सगळी भिस्त भाजण्यावरच असते. रश्श्याला चव आली की ती त्यांच्या हाताची ठरते, आणि मग तर्रीची तक्रार कोण करणार?

आता ते वीस गोळे. पाच माणसे, माणशी चार. हलके आहेत म्हणून कुणी सात-आठ खाल्ले तर वाचवलेले सगळे परत आले. सोबत एक भाकर, चिरलेला कांदा, काकडी आणि लिंबू. भाताचा ढीग नको.

आणि पाच माणसांत तुम्ही स्वतः आहात, हे विसरू नका. आपल्याकडे काय होते? मुलांना एकेक जास्त, पाहुणा आला तर त्याला दोन, यजमानांना आग्रह, आणि शेवटी आपण गंजाच्या तळाचा रस्सा भाकरीने पुसून घेतो. तुमच्या वजनाची, तुमच्या अशक्तपणाची कुणी चौकशी केली आहे का? डॉक्टरांकडे जाताना यजमानांचे कागद तुम्ही सांभाळता, तुमचे कागद कोण सांभाळते? तेव्हा वाढायला घेण्याआधी चार गोळे एका वाटीत काढून झाकून ठेवा. ती वाटी तुमची. कुणी विचारले तर सांगा, मापच तसे आहे.

करून बघा आणि कळवा. यजमानांनी ताट सरकवले की पुसून खाल्ले, सासूबाई काय म्हणाल्या, आणि तुमच्या वाटीतले चार गोळे तुमच्याच पोटात गेले की नाही, हे सगळे लिहा. पुढच्या वेळी उरलेल्या रश्श्याचे काय काय करता येईल ते बघू.